पॅनेलवरचं वाळवण

मी महाडच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे हसायचं असा प्रश्न पडायला नको. विद्युतधारा, विभवांतर, एकसर जोडणी, समांतर जोडणी, सगळं मला झोपेतून उठवून विचारा, फळ्यावर काढून दाखवेन. फळ्याबाहेर मात्र माझी मजल घरातला बल्ब बदलण्यापर्यंत, आणि तेही आई खाली स्टूल धरून उभी असेल तर.

आमचं घर पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की जरा आत. घरात आई आणि मी. माझं लग्न फार टिकलं नाही, मी परत आले, त्यालाही आता जमाना झाला. वडील गेले. धाकटा भाऊ खारघरला असतो, बायको-मुलांसह, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये. आईच्या छातीत जन्मभर चुलीचा धूर गेला, तो आता बाहेर यायला तयार नाही. म्हणून डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन ओढतं आणि नळीने नाकात सोडतं. दुपारी काही तास लावायचं, रात्री लावायचं. फक्त त्याला लाइट लागते, आणि आमच्याकडे लाइट जायला कारण लागत नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी लाइट गेली आणि आईला श्वास पुरेना. मी शाळेत. अडीअडचणीसाठी घरी ऑक्सिजनचा एक सिलिंडर असतो, तो नेमका मी भरायला म्हणून महाडला दुकानात टाकलेला, आणि चार दिवस आणायला विसरलेली. शेजारच्या काकीने आईला मिनीडोअर रिक्षात घालून पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा आईच्या तोंडावर मास्क होता आणि काकी माझ्याकडे अशी बघत होती, जशी नापास मुलाच्या बापाकडे मी बघते.

भाऊ संध्याकाळपर्यंत आला. आईच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "ताई, आता बास. आईला मी घेऊन जातो. आमच्याकडे जनरेटर आहे."

"आई कुठेही जाणार नाही," मी म्हणाले. "लाइटची सोय मी करते."

"तू?"

आता या 'तू?'त तसं वावगं काही नव्हतं. त्याने माझे बल्ब पाहिलेले आहेत. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सोलर बसवते, मोठी बॅटरीची पेटी घेते, लाइट गेली तरी मशीन दिवसभर चालेल, असं मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. त्याआधी मी सोलरबद्दल दहा मार्कांची टीप सोडून काही वाचलेलं नव्हतं. भाऊही माझाच भाऊ. म्हणाला, "ठीक आहे. पाडव्याला येतो. घराचा मेन बंद करतो. तुझ्या पेटीवर आईचं मशीन दुपारभर चाललं तर आई इथे. नाही चाललं तर त्याच गाडीत बसवून नेतो."

"चालेल," मी म्हणाले.

आई आमच्या दोघांच्या मध्ये पडलेली होती. तोंडावर मास्क असल्यामुळे ती काही बोलली नाही, आणि बोलली असती तरी ऐकायला कोण मोकळं होतं!

सामान मागवलं. कुरियरवाला पोलादपूरच्या पुढे येत नाही, म्हणून मीच दोन पॅनेल आणि पेटी मिनीडोअरच्या टपावर बांधून आणली. वाटेत जो तो विचारी, "बाई, टीव्ही घेतलात काय?" पेटी म्हणजे मोठी बॅटरीच, धरायला मूठ, पुढे चार सॉकेट आणि आकडे दाखवणारी काच. पॅनेलमधून किती वीज आत येते, मशीनला किती जाते, सगळं त्यावर दिसतं. मी ती ओटीवर ठेवली आणि आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही. पॅनेललाही नाही. शॉक बसेल."

"नाय लावत गो," आई म्हणाली.

पॅनेल कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. छप्पर कौलारू, त्यावर चढणार कोण? अंगणात वडिलांच्या वेळची लोखंडी खाट होती. कमरेइतकी उंच, भक्कम, सकाळपासून उन्हात. मागच्या दोन पायांखाली विटा घातल्या, खाट दक्षिणेकडे हवी तेवढी कलली आणि दोन्ही पॅनेल तिच्यावर बरोब्बर मावले. मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला आणि भावाला पाठवला.

आई ओटीवरून बघत होती. "ती खाट वाळवणाची हाय गो," ती म्हणाली.

"आता सोलरची आहे," मी म्हणाले.

मग जोडणी. पॅनेलच्या वायरी ओटीपर्यंत पोचेनात. त्यासाठी वेगळी लांब वायर मिळते, ती मागवायची असते. पण थांबेल कोण? पाडवा तोंडावर आलेला. मी पॅनेलच्या वायरींची टोकं कापली, जुन्या पंपाची वायर माळ्यावर पडलेली होती ती आणली, आणि सगळं पिळून पिळून काळी टेप गुंडाळली. एकसर जोडणी, पहिल्याचं धन दुसऱ्याच्या ऋणाला. दरवर्षी फळ्यावर काढते. फरक एवढाच की फळ्यावर धन-ऋण लिहिलेलं असतं, आणि इथे पॅनेलच्या दोन्ही वायरी काळ्याकुळकुळीत. कोणती काय, ते त्या टोकांवरच्या टोप्यांवर लिहिलं होतं. त्या टोप्या कापून मी कचऱ्यात टाकलेल्या.

पेटीवर शून्य. बटण दाबलं, शून्य. पेटी बंद करून चालू केली, शून्य. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर आणला, तोही शून्य दाखवू लागला, तेव्हा मल्टीमीटर बिघडलाय असा निष्कर्ष काढून मी त्यातला सेल बदलला. हे बरेच दिवस चाललं. शेवटी एका तासाला मी वर्गात दोन घटांची आकृती काढत होते. "आणि समजा यातला एक घट उलटा जोडला तर?" असं नेहमीसारखं विचारलं, आणि खडू हातातच राहिला. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "बाई, शून्य!" मी म्हटलं, शाबास, खाली बसा. खरं तर उभं कोणीच नव्हतं.

घरी येऊन पर्स न ठेवता एका पॅनेलच्या वायरी उलट केल्या. दुसरा दिवस रविवार. पेटीवर आकडे असे भराभर चढले की मी आईला हाताला धरून आणलं. "बघ!"

"चांगलं हाय," आई म्हणाली. तिला आकड्यांचं काय? ती खाटेकडेच बघत होती.

सोमवारपासून मात्र सगळं ओमफस. सकाळी मी दहावीच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाला महाडला जायचे, संध्याकाळी यायचे, तर पेटीवरचा आकडा सकाळी होता तिथेच. कधी किंचित वर, कधी तेवढाही नाही. रविवारी मात्र पुन्हा ठणठणीत. मी घरी असले की चालायचं, पाठ वळली की बंद. माझ्या वर्गासारखंच की हे! पण तेव्हा विनोद सुचत नव्हता, रडू येत होतं. टेप सोडून पुन्हा गुंडाळली. खाटेखालच्या विटा बदलल्या. आमच्याकडे डोंगर जवळ, ऊन लवकर उतरतं, म्हणून खाट हातभर पुढे ओढली. काकीच्या फणसाची एक फांदी तोडायला लावली, तिच्यावर त्या वर्षी फणस धरलेले होते. काकीने त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलं.

पॅनेलच्या काचेवर पिवळे डाग दिसायचे. बोट फिरवलं तर मिठासारखं खरखरीत काही लागायचं. पाखरं, दुसरं काय! मी रोज संध्याकाळी फडक्याने काच पुसायचे आणि पाखरांना शिव्या घालायचे. आई ओटीवर बसून ऐकायची.

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक शांत मुलगी होती. तिने वायरी विचारल्या, ऊन विचारलं आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, पॅनल के ऊपर कुछ रखा तो नहीं है?"

"कुछ नहीं रखा है!" मी ओरडले. "मैं खुद सायन्स टीचर है! मेरेको इतना नहीं समझता क्या?"

"जी मॅडम," ती म्हणाली. आजही तो आवाज आठवला की मी एकटीच लाजते.

त्यानंतर दोन दिवसांत पर्यवेक्षणातून अचानक सुट्टी मिळाली आणि मी भर दुपारी घरी आले. फाटक ढकललं. खाटेवर पॅनेल दिसतच नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत आईचं जुनं लुगडं पसरलेलं, कडांना कपड्यांचे चिमटे, आणि त्यावर पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, एका कोपऱ्यात कडवे वाल. खाटेच्या सावलीत काकी हातात काठी घेऊन कावळे राखत बसलेली. आई ओटीवर, नाकात नळी, मांडीवर पोळपाट.

"आई!"

"आलीस? लवकर आलीस गो."

"हे काय आहे?"

"वाळवण," आई म्हणाली. मला दिसत नसेल तर सांगावं, अशा सुरात.

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावला? मधी लुगडं हाय की. शॉक बसंल म्हणून दोन पदरी केलंय."

"अगं पण ऊन! ऊन नको का पोचायला खाली?"

"काय येवढं जाड हाय? आणि तुझी काच तापते बाय, पापड एका दिवसात कडकडीत. पूर्वी दोन दिवस लागायचे."

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. ते हळदीचे डाग, ते मीठ, ती पाखरं! हसू येत होतं आणि संतापही होत होता. दोन्ही एकदम बाहेर पडेनात. शेवटी मी म्हणाले, "आणि इतके कशाला? घरात माणसं दोन. चार डबे भरलेत तुझे. कोण खाणार आहे?"

आईने लाटणं थांबवलं. काकी माझ्याशी बोलत नव्हती, पण हे बोलायची संधी तिने सोडली नाही. "खारघरला न्यायचं हाय ना समदं. सुनंच्या घरी रित्या हातानं जाईल काय ती?"

आई काकीवर डाफरली, "तुला कुनी इचारलं गो?" मग माझ्याकडे न बघता पोळपाटावरचा पापड उचलून पाटीत टाकला.

म्हणजे हिचं ठरलंही होतं. मी वायरी पिळत होते, मल्टीमीटर खिशात घेऊन झोपत होते, एका गरीब मुलीवर हिंदीतून ओरडत होते, आणि ही इकडे जायची तयारी करत होती. तीसुद्धा माझ्याच पॅनेलवर! मला फार वाईट वाटलं. वाईट वाटल्यावर माणसाने विचारावं की नाही, आई, असं का? पण मी विचारलं नाही. मी मनाशी म्हटलं, हिलाही माझा भरवसा नाही तर. थांब, पाडव्याला दाखवते सगळ्यांना. आणि लुगडं ओढून काढलं. सांडगी मिरच्या अंगणभर झाल्या, आणि माझ्याशी बोलणं टाकलेलं असतानाही काकीला त्या वेचायला मला मदत करावी लागली.

पाडव्याला भाऊ सकाळीच आला. गुढी उभारली, जेवणं झाली. श्रीखंड खाताना आम्ही दोघं कुस्तीच्या आधी पैलवान बोलतात तसं बोललो. "झोप झाली का, ताई?" "झाली की. तुझी?" मग तो उठला आणि त्याने मेन खाली ओढला. पंखे थांबले. फ्रिज गप्प झाला. मी आईच्या मशीनचा प्लग पेटीत घातला, देवाचं नाव घेतलं. विज्ञान शिकवत असले तरी घेतलं. मशीनने एक बारीक शिटी मारली आणि नेहमीसारखं फसफसायला लागलं.

दुपारभर आम्ही त्या पेटीसमोर बसलो. अंगावर घामाच्या धारा. आकडा उतरायचा, अंगणातलं ऊन त्याला परत ढकलायचं. एकदा ढग आला. आकडा घसरायला लागला, आणि भाऊ नको तितकं लक्ष देऊन छताकडे बघू लागला. मी लगेच त्याला समजावायला सुरुवात केली, ढगाळ हवेत व्होल्ट तितके पडत नाहीत, अँपिअर पडतात, काळजीचं कारण नाही. तो म्हणाला, मी कुठे काळजी करतोय? ढग गेला. ऊन डोंगराला टेकलं तरी मशीन चालूच, आणि पेटी अर्ध्याच्याही वर.

भावाने दोन्ही हात वर केले. "जिंकलीस, ताई. मानलं तुला." आणि मनापासून हसला. माझा भाऊ वाईट नाही. त्याची चूक एकच, तो धाकटा असून शहाणा आहे.

मी उठून उभी राहिले. मला कोणीतरी हार घालावा असं वाटत होतं. आईने नाकातली नळी काढली, नीट गुंडाळून मशीनवर ठेवली, आणि कोनाड्यात ठेवलेली आपली पिशवी खांद्याला लावली.

"चल रे," ती भावाला म्हणाली. "डबे गाडीत घे. उजेड हाय तवर निघू."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"आई, अगं मशीन चाललं की," भाऊ म्हणाला. "तू इथेच राहायचंस. तसंच ठरलं होतं."

"तुमचं ठरलं व्हतं," आई म्हणाली. तिला थोडी धाप लागली, तिने दाराला धरलं. "मशीन काय, खारघरलाबी चालंल. हिला तुला हरवायचं व्हतं. हरवलं. झालं ना आता? मग माझं काय काम हाय हितं? म्हातारीला राखता राखता हिची झोप गेली, शाळेतलं ध्यान गेलं. मी खोकले तरी ही उठून बसते. तुझ्याकडं गेले म्हंजी ही सुटंल तरी."

मी तोंड उघडलं. मला वाटलं मी काहीतरी पेटीबद्दलच बोलणार, पावसाळ्यात तिसरा पॅनेल जोडता येईल वगैरे. आणि बोलले भलतंच. "मला नाही सुटायचं. तू गेलीस तर या घरात मी एकटी काय करू? संध्याकाळी फाटक उघडून आत यायचं, आणि ओटीवर कोणी नाही? मला भीती वाटते, आई. नको ना जाऊस." इतक्या वयाची बाई, पोरांना छड्या दाखवणारी, मी धाकट्या भावासमोर हमसून हमसून रडले.

नाकात नळी नसतानाही मशीन आपलं फसफसत होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

"एवढंच व्हतं, तर मग महिनाभर व्होल्ट व्होल्ट काय करीत व्हतीस गो?" ती म्हणाली. मी नाक पुसत होते. तिने नळी पुन्हा नाकात घातली आणि भावाकडे वळली. "तू काय बघतोस? मेन वर कर. पंखा तरी फिरू दे, माणसं घामानं भिजली."